तिसरे समीकरण

ज्या पत्राला ताळेमास्तरांनी कधी उत्तर दिले नाही, ते पत्र त्यांना तोंडपाठ होते. एकतीस वर्षे ते लॉग टेबलाच्या पुस्तकात घडी घालून ठेवलेले होते. लॉग टेबल अशासाठी, की गणकयंत्रे आल्यापासून त्या पुस्तकाला घरात कोणी हात लावणार नाही याची त्यांना खात्री होती. आणि त्यांनाही ते उघडायची गरज पडत नसे. आंघोळीला पाणी तापत असताना, बँकेच्या रांगेत, कधी नुसतेच खिडकीशी बसलेले असताना पत्राची पहिली ओळ आपोआप सुरू होई आणि शेवटपर्यंत जाऊनच थांबे.

पाकिटावर त्यांचे नाव नव्हते. शाळकरी वळणाच्या अक्षरात एवढेच होते: 'गणिताच्या पेपरातला पाचवा प्रश्न ज्यांनी काढला त्या सरांना, परीक्षा कचेरी.' पेपर कोणी काढला हे गुपित असते. पण कचेरीतल्या एका कारकुनाने ते मोठ्या पाकिटात घालून गुपचूप मास्तरांच्या घरी पाठवले होते. आत लिहिले होते:

'सर, माझे वडील शिंपी आहेत. मी यंदा शाळेची शेवटची परीक्षा दिली. पाचव्या प्रश्नात तीन समीकरणे होती आणि ती व्यस्त मॅट्रिक्सच्या पद्धतीने सोडवा असे म्हटले होते. मी निश्चयक काढला, तो शून्य आला. पुन्हा काढला, पुन्हा शून्य. निश्चयक शून्य असेल तर व्यस्त मॅट्रिक्स नसतोच, असे आम्हाला शिकवले आहे. म्हणून मी तसे लिहिले. या समीकरणांना एकच उत्तर नाही, अगणित आहेत, असेही लिहिले. फेरतपासणीत कळले की मला त्या प्रश्नाला शून्य गुण आहेत. खरे उत्तर एक, दोन, तीन होते म्हणतात. त्याचा ताळा जमतो. पण दोन, शून्य, चार याचाही जमतो. शून्य, चार, दोन याचाही जमतो. आमच्या बाईंना विचारले तर त्या म्हणाल्या, पेपरात आहे म्हणजे बरोबरच असणार.

मला गुण नकोत. वडील म्हणतात, पेपर काढणारे चुकत नसतात, तूच चुकली असशील, गणित तुझ्या आवाक्यातले नाही. मी बरोबर होते की चूक, एवढेच कळवा. बरोबर असेन तर पुढे गणितच शिकेन. चूक असेन तर वडिलांच्या दुकानात बसेन. सोबत तिकीट लावलेले पाकीट आहे.'

पत्ता तिने स्वतःच पाकिटावर घालून ठेवला होता. उत्तर देणाऱ्याला तेवढीही तसदी नको म्हणून.

ताळेमास्तर हे अर्थातच त्यांचे खरे नाव नव्हे. जवळजवळ सगळे आयुष्य त्यांनी शाळेत गणित शिकवले आणि फळ्यासमोर एक वाक्य रोज सांगितले: "उत्तर आलं म्हणून पेन खाली ठेवू नका. ताळा करा." आलेले उत्तर मूळ समीकरणात घालून पाहायचे, दोन्ही बाजू सारख्या आल्या की सुटलात. पोरांनी नाव पाडले. निवृत्त होऊन सोळा वर्षे झाली तरी ते चिकटून राहिले, घरातसुद्धा. बाहेर पडताना बायको विचारायची, "कुलूप लावलंत? ताळा केलात?" आणि मास्तर खरेच मागे वळून कुलूप ओढून पाहायचे.

असा माणूस ताळ्यावरच आपटला होता.

त्या वर्षी त्यांना पहिल्यांदा पेपर काढायला मिळाला. एकसामयिक समीकरणांचे उदाहरण रचताना कोणी समीकरणापासून सुरुवात करत नाही. आधी उत्तर ठरवतात, मग त्याच्या भोवती समीकरणे उभी करतात. नाहीतर तेवीस सप्तमांश असली उत्तरे निघतात आणि पोरे परीक्षेत रडकुंडीला येतात. मास्तरांनी उत्तर ठरवले: क्ष एक, य दोन, झ तीन. मग सहगुणक निवडले. पहिल्या ओळीत एक, एक, एक. दुसरीत एक, दोन, तीन. तिसरीत एक, तीन, पाच. उजवीकडे सहा, चौदा, बावीस. लिहून झाल्यावर त्यांनी कागद जरा लांब धरून पाहिला होता. आकडे कसे ओळीने पायऱ्या चढत होते! देखणे उदाहरण झाले होते. मग त्यांनी ताळा केला. तिन्ही समीकरणे जमली.

जमणारच होती. उत्तर आधी त्यांनीच आत घातले होते. आपण खिशात ठेवलेला रुमाल आपल्याच खिशात सापडला म्हणून आनंद व्हावा, तसला तो ताळा. जे पाहायला हवे होते ते पाहिलेच नाही. दुसऱ्या ओळीची दुप्पट करा, त्यातून पहिली वजा करा, तिसरी ओळ तयार. म्हणजे तिसरे समीकरण नवे काही सांगतच नव्हते. पहिली दोन जे बोलली तेच ते मान डोलावून पुन्हा बोलत होते. साक्षीदार तीन दिसत होते, पण होते दोनच. निश्चयक शून्य येतो तो यामुळेच.

इथपर्यंतचे मास्तरांनी स्वतःला केव्हाच माफ केले असते. चूक कोणाकडून होत नाही? पण गोष्ट इथे थांबली नव्हती.

उत्तरपत्रिका तपासायला घेतल्यावर आठवड्याने परीक्षकांची बैठक झाली. मुख्य परीक्षकांना सगळे त्यांच्या माघारी वाघोबा म्हणत. एक तरुण परीक्षक बाई उभ्या राहिल्या. त्यांनी आपली कापडी पिशवी छातीशी धरली होती.

"सर, पाचव्या प्रश्नात काही मुलांनी निश्चयक शून्य आहे असं लिहून सोडून दिलंय."

"काही म्हणजे किती?"

"माझ्या गठ्ठ्यात तिघांनी. पण बाकीच्यांनीही फार खोडाखोड केलीय, सर. म्हणजे आधी शून्य लिहून मग..."

"बाई, तीनशे माणसं दारातून आत आली आणि तिघं भिंतीवर आपटली, तर काय भिंत पाडायची?"

सभागृह हसले. वाघोबांनी मास्तरांकडे बोट केले. "पेपर तुमचा ना? उठा, घ्या खडू. होऊन जाऊ दे ताळा."

मास्तर उठले. समीकरणे लिहिली. एक, दोन, तीन घालून पहिले जमवले. दुसरे जमवले. तिसऱ्याच्या सहगुणकांवरून खडू फिरत असताना त्यांना ते दिसले. फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिल्यावरच काही गोष्टी दिसतात. दुसरीची दुप्पट, वजा पहिली. एक वाक्य बोलायचे होते: 'बाई बरोबर आहेत.' चार शब्दही नव्हते ते. पाठीमागे दीडशे माणसे होती, पहिल्या रांगेत वाघोबा होते, आणि मास्तरांना लहानपणापासून चारचौघांत बोलायचे म्हटले की जीभ टाळूला चिकटे.

"एक आणि सहा सात, सात आणि पंधरा बावीस," ते म्हणाले. "जमतं."

"जमतं! पुढचा प्रश्न."

बाई खाली बसल्या. खाली बसताना त्यांनी फळ्याकडे पाहिले नाही, मास्तरांकडे पाहिले. मग गुण कसे द्यायचे ते ठरले. ज्यांनी मधल्या पदाचे वजा चिन्ह विसरून निश्चयक चार काढला, त्यांना पायऱ्यांचे गुण. ज्यांनी कसेबसे एक, दोन, तीन आणून चौकटीत बसवले, त्यांना पूर्ण सहा. ज्यांनी शून्य लिहिले, त्यांना शून्य.

दोन महिन्यांनी ते पत्र आले. बायकोला त्यांनी एवढेच सांगितले, की एका मुलीने गणितातले काही विचारले आहे.

"मग लिहा की दोन ओळी."

"पेपर काढणाऱ्यानं मुलांशी पत्रव्यवहार करायचा नसतो. नियम आहे."

नियम होताच. मास्तरांच्या भित्रेपणाला तो छत्रीसारखा उपयोगी पडला. तरी त्यांनी लिहून पाहिले. 'सदर प्रश्नाबाबत असे नमूद करावेसे वाटते की...' असे सुरू होणारे अकरा कागद त्यांनी फाडले. मग शाळा सुरू झाली, मग सहामाही आली. मग इतका उशीर झाला, की आता उत्तर लिहायचे तर आधी उशिराचे कारण लिहावे लागले असते. माणूस एकदा मूग गिळून बसला की ते मूग पोटात वाढतच जातात.

मास्तरांची नात दहावी संपवून पुढच्या वर्गात गेली होती. लहानपणी चणीने एवढीशी आणि धरलेले न सोडणारी, म्हणून तिला घरात मुंगी म्हणत. आता ती मास्तरांच्या खांद्याला लागत होती, पण नाव तेच. आईवडील कामावरून संध्याकाळी परतत, तोवर ती शाळेतून आजीआजोबांकडे येई आणि जेवणाच्या टेबलावर वह्या पसरे. त्या आठवड्यात टेबलावर आणखी एक कागद होता. पुढच्या दोन वर्षांसाठी कोणते विषय घ्यायचे त्याचा फॉर्म. शुक्रवारी द्यायचा होता.

मंगळवारी दुपारी ती म्हणाली, "आजोबा, जरा बघा ना. माझा निश्चयक शून्यच येतोय."

मास्तर चष्मा पुसत आले. तिच्यासमोर जुन्या प्रश्नपत्रिकांचा जाडजूड संच होता. त्यांनी वहीत पाहिले नाही, आधी पुस्तकात पाहिले. एक, एक, एक. एक, दोन, तीन. एक, तीन, पाच. शेजारी चांदणी छापली होती आणि तळटीप होती: 'हमखास विचारला जाणारा प्रश्न.'

त्यांनी खुर्चीची पाठ धरली.

"कितीदा काढलास?"

"तीनदा. एकदा पहिल्या ओळीनं, एकदा पहिल्या स्तंभानं, एकदा तुम्ही शिकवलेल्या त्या आडव्यातिडव्या पद्धतीनं. शून्य, शून्य, शून्य."

"मागे उत्तर काय दिलंय?"

"एक, दोन, तीन."

आता बोलायचे होते. समोर वाघोबा नव्हते, दीडशे माणसे नव्हती. सोळा वर्षांची नात होती आणि खिडकीपाशी बायको स्वेटरची बाही उसवत बसली होती. मास्तरांनी तोंड उघडले.

"मग तुझंच कुठेतरी चुकत असणार," ते म्हणाले. "आकडे नीट उतरवून घे."

शब्द बाहेर पडले आणि ते कुठे वाचले होते हे त्यांना लगेच आठवले. 'पेपर काढणारे चुकत नसतात, तूच चुकली असशील.' ते शिंप्याचे वाक्य होते.

मुंगीने चौथ्यांदा काढला. पाचव्यांदा काढला. मग पेन्सिल टेबलाखाली पडली म्हणून ती वाकली आणि बराच वेळ वर आलीच नाही.

"अहो," बायको म्हणाली, "पोर रडतेय तिकडे. समजावून सांगा की जरा. जन्मभर लोकांच्या पोरांना शिकवलंत, घरच्या पोरीला काय पाठ दाखवता?"

"तिचं तिला सापडू दे."

"सापडेल तेव्हा सापडेल. एवढं काय अवघड आहे त्यात?"

"मला नाहीच जमत," टेबलाखालून आवाज आला. "मी फॉर्मवर गणित लिहिणारच नाही. बाबा म्हणतातच, ओढूनताणून करायचं तर कशाला करायचं."

मास्तर आतल्या खोलीत गेले आणि वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसले. ते उलटे नव्हते, एवढेच.

बुधवारी मुंगी आली ती नाचतच. दप्तर खुर्चीवर टाकले, वही उघडून मास्तरांच्या मांडीवर ठेवली.

"आलं! बघा. एक, दोन, तीन. आणि ताळाही केलाय, तुम्ही मला टोमणा मारायच्या आत."

मास्तरांनी पान पाहिले. वरच्या भागात कालचे गणित होते, स्वच्छ, एकेक पायरी सरळ. एक वजा दोन अधिक एक बरोबर शून्य. त्या शून्यावर तिने पेनने आडवी रेघ मारली होती. एकदा मारून समाधान झाले नसावे, पुन्हा मारली होती, इतकी दाबून की कागद जरासा फाटला होता. खाली नव्याने लिहिले होते: एक अधिक दोन अधिक एक बरोबर चार.

"हे वजा दोनचं अधिक दोन का झालं?"

"तसं केल्याशिवाय येत नाही."

"पण नियम काय आहे? मधल्या पदाला..."

"वजा. माहितीये मला. पण वजा धरलं तर शून्य येतं, आणि शून्य येऊच शकत नाही ना. प्रश्नातच छापलंय, व्यस्त मॅट्रिक्सनं सोडवा. मग चार घेतले. तरी शेवटी क्ष शून्य, य शून्य, झ शून्य असं काहीतरी येत होतं. मग अजून दोनतीन चिन्हं फिरवली आणि उत्तराकडे वळवून आणलं." ती हसली. "वर्गात सगळे असंच करतात. आणि तुम्हीच म्हणालात की माझं चुकतंय."

तिच्या हातावर निळी शाई लागली होती. मास्तर त्या खोडलेल्या शून्याकडे पाहत राहिले. 'बाकीच्यांनीही फार खोडाखोड केलीय, सर.' कापडी पिशवी छातीशी धरलेल्या त्या बाईंचा आवाज त्यांना स्पष्ट ऐकू आला. तीनशे मुलांच्या गठ्ठ्यात किती शून्ये अशी खोडली गेली असतील? आणि त्यानंतरच्या एकतीस वर्षांत, हा चांदणीवाला प्रश्न सोडवता सोडवता?

"मुंगे," ते म्हणाले, "तुझं शून्य बरोबर होतं."

"कुठलं?"

"खोडलेलं."

तिने वहीत पाहिले, मग त्यांच्याकडे. "म्हणजे पुस्तक चुकलंय?"

"पुस्तकानं जुन्या पेपरातून घेतलंय. पेपर चुकला होता."

"कोणी काढला होता असला पेपर?"

खिडकीशी चाललेले उसवणे थांबले. मास्तरांनी वही मिटली.

"मी."

मुंगी हसली. आजोबा कधी विनोद करत नसत, त्यामुळे केला तर असाच कोऱ्या चेहऱ्याने करत असतील असे तिला वाटले असावे. मग तिचे हसू हळूहळू उतरले.

"काल तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"पुस्तक बघितल्याबरोबर?"

"हो."

"मी टेबलाखाली होते तेव्हा?"

"तेव्हाही."

तिने वही त्यांच्या मांडीवरून उचलली, दप्तर उचलले आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतले. आपटले नाही. आपटले असते तर मास्तरांना बरे वाटले असते.

बायकोने लोकरीचा गुंडा मांडीवर ठेवला. "ती गणितातलं काही विचारणारी मुलगी," ती म्हणाली. "हेच विचारत होती?"

मास्तरांनी होकारार्थी मान हलवली. मग उठून कपाटातून लॉग टेबल काढले. पानांना जुन्या कागदाचा आंबूस वास येत होता. पत्र त्यांनी बायकोला दिले. तिने ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले, चष्मा काढला, आणि जे बोलायची त्यांना भीती होती तेच बोलली.

"मी तेव्हा विचारलं होतं. तुम्ही मला नियम सांगितलात."

"हो."

"मी म्हटलं, असेल बाई नियम." ती पत्र घेऊन आतल्या खोलीत गेली.

मास्तर एकटेच टेबलाशी बसले. त्या पाऊण तासात त्यांनी फॉर्म दोनदा वाचला. 'गणित' या शब्दासमोरची चौकट रिकामी होती.

मुंगी बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते, पण आवाज ताठ होता. पत्र तिच्या हातात होते.

"हिला काय उत्तर दिलंत?"

"दिलं नाही."

"का?"

एकतीस वर्षे मास्तरांनी या एका प्रश्नाची उत्तरे घोटून घोटून गुळगुळीत करून ठेवली होती. गुप्ततेचा नियम होता. निकाल लांबला असता. हजारो मुलांचे प्रवेश अडले असते. आपण नवखे होतो. त्यातले एकही आता ओठांपर्यंत येईना.

"भीती वाटली."

"कोणाची?"

"आधी मुख्य परीक्षकांची. मग हिचीच."

मुंगी समोरच्या खुर्चीत बसली. "मग ती बसली असेल दुकानात?"

"माहीत नाही."

"म्हणजे बसलीही असेल."

"हो. बसलीही असेल."

"किंवा तुमची वाट न बघता शिकलीही असेल," खिडकीशी परत येत बायको म्हणाली. "पोरी काय तुमच्या पाकिटावर अडून बसतात थोड्याच? पण ते आता तिलाच विचारा. खाई त्याला खवखवे म्हणतात, तुमची खवखव मी इतकी वर्षं खोकला समजत होते."

मास्तरांनी कागद पुढे ओढला. मुंगी उठून गेली नाही, हेच त्यांना पुष्कळ वाटले. त्यांनी लिहायला घेतले: 'आपले पत्र यथावकाश प्राप्त झाले होते. परंतु त्या काळातील परिस्थिती...'

"हे काय?" मुंगीने उलटे वाचले. "परिस्थिती कशाला मध्ये? तिनं परिस्थिती विचारलीच नाहीये. बरोबर होते की चूक, एवढंच विचारलंय."

मास्तरांनी नवा कागद घेतला. दुसऱ्या कागदावर 'नियमानुसार' आले, तो मुंगीने स्वतःकडे ओढून घेतला आणि पालथा घातला. तिसऱ्यावर अक्षर वेडेवाकडे आले. पण तो त्यांनी पुरा केला:

'तुम्ही बरोबर होता. निश्चयक शून्यच आहे. तिसरे समीकरण म्हणजे दुसऱ्याची दुप्पट वजा पहिले. ते स्वतंत्र नाही. व्यस्त मॅट्रिक्स नाही आणि उत्तरे अगणित आहेत, हे तुम्ही लिहिलेत तसेच. दोन, शून्य, चार आणि शून्य, चार, दोन ही दोन्ही उत्तरे बरोबर आहेत.

तो प्रश्न मी काढला होता. उत्तर आधी ठरवून समीकरणे रचली आणि फक्त ताळा पाहिला. चूक मला बैठकीतच, फळ्यासमोर उभा असताना कळली. मी गप्प बसलो. तुमचे पत्र मला मिळाले होते. तेव्हाही गप्प बसलो.

तुम्ही पुढे काय केलेत हे विचारण्याचा मला हक्क नाही. पण कळले तर बरे वाटेल, किंवा वाईट वाटेल. दोन्ही चालेल.'

मुंगीने ते वाचले. 'दोन्ही चालेल' वर तिचे बोट क्षणभर थांबले.

"हे पुस्तकवाल्यांनाही कळवावं लागेल," ती म्हणाली. "चांदणी छापलीय त्यांनी."

"कळवीन. आधी हे."

"आणि आजोबा, मी अजून रागावलेलीच आहे."

"बरं."

तिने फॉर्म टेबलावरून उचलून दप्तरात घातला. मास्तरांनी त्याकडे पाहिले, तशी ती म्हणाली, "त्यावर काय लिहायचं ते मी ठरवीन. तुम्ही पत्र टाका जाऊन."

गुरुवारी सकाळी मास्तर टपाल कचेरीत गेले. पाकीट तेच होते, मुलीने पत्ता घालून पाठवलेले, पत्रासोबत लॉग टेबलात राहिलेले: अमुक शिंपी, घड्याळाच्या चौकाजवळ, आणि गावाचे नाव. इतक्या वर्षांत डिंक वाळून निरुपयोगी झाला होता, म्हणून बायकोने कडेला गोंद लावून दिला होता. रांगेत पुढे तिघे होते. मास्तरांना दोनदा वाटले, की घरी जाऊन अक्षर जरा नीट काढावे. दुकान कधीच बंद झाले असेल. चौकातले घड्याळही राहिले नसेल. पत्र परत येईल. आणि परत आले नाही तर ती ते वाचेल. यातल्या कशाची भीती जास्त आहे, हे त्यांचे त्यांनाच ठरवता येईना. तेवढ्यात पुढचा माणूस बाजूला झाला.

खिडकीतल्या बाईंनी पाकीट उलटसुलट केले. "आजोबा, हे तिकीट कुठल्या जमान्यातलं आणलंत? संग्रहात ठेवा. यावर पत्र नाही जायचं."

"ते राहू द्या तिथंच. तिनं लावलंय. शेजारी नवीन लावा."

"कोणी लावलंय?"

"जिला पाठवतोय तिनं."

बाईंनी त्यांच्याकडे एकदा नीट पाहिले, मग पाकिटाकडे पाहिले आणि जास्त खोलात गेल्या नाहीत. "साधं की नोंदणीचं?"

"नोंदणीचं. म्हणजे घेणाऱ्याची सही होते ना?"

"होते. पण पत्ता फार जुना दिसतोय हं. नाही पोचलं तर परत येईल, आणि मागे तर पाठवणाऱ्याचं नावच नाही. येणार कुठे?"

दोरीला बांधलेले पेन मास्तरांनी हातात घेतले. दोरी आखूड होती, वाकून लिहावे लागले. पाकिटाच्या पाठीवर त्यांनी आपले नाव लिहिले, आडनावासकट, आणि खाली घराचा पूर्ण पत्ता. त्या मुलीला हे नाव कधी माहीत नव्हते. मग पाकीट त्यांनी काचेखालून आत सरकवले.

बाईंनी जुन्या तिकिटाशेजारी नवी तिकिटे डकवली, त्यांवर दोनदा शिक्का मारला आणि पावती फाडून दिली. एरवी मास्तरांनी पत्ता पुन्हा एकदा वाचून पाहायला मागितला असता. आज मागितला नाही.

"झालं, आजोबा," बाई म्हणाल्या, "पुढच्याला येऊ द्या," आणि त्यांनी पाकीट मागच्या पोत्यात टाकले.